तार उडाली, रंग उरला

१८५६ सालचं लंडन. अल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातली प्रयोगशाळा. ६४ वर्षांचा एक माणूस तिथे सोन्याच्या बारीक तारा विजेच्या झटक्याने उडवून देतोय. तार दोन्ही टोकांना पकडायची, जवळ काचेची पट्टी ठेवायची आणि साठवलेली सगळी वीज एका दमात तारेतून सोडायची. फाडकन आवाज, डोळे दिपवणारा लख्ख उजेड आणि तार गायब! काचेवर उरतो फक्त एक डाग. कधी जांभळट, कधी हिरवट, तर कधी माणकासारखा लाल. दुसरा कोणी असता तर त्या उजेडाचंच कौतुक करत बसला असता. हा माणूस मात्र शांतपणे काच उचलून तो डाग बघत बसायचा.

हे मायकेल फॅरेडे. हो, तेच. बारावीच्या फिजिक्समध्ये ज्यांचा नियम आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेला असतो आणि कपॅसिटरच्या गणितात ज्यांच्या नावाचं एकक लिहायला विसरलो की मार्क कापला जातो, तेच. पण तो नियम १८३१चा. तारा उडवण्याचा हा उद्योग त्यानंतर २५ वर्षांनी सुरू झाला. तोपर्यंत मोटरचं मूळ तत्त्व सापडलं होतं, जनरेटरचं सापडलं होतं, सगळ्या युरोपात नाव झालं होतं. शिवाय स्मरणशक्ती दगा देत होती. काल काय केलं ते आज आठवेलच याची खात्री नव्हती. अशा वयात, एवढं सगळं मिळवून झाल्यावर, माणूस सोन्याच्या तारा का उडवत बसतो?

याचं उत्तर शोधायचं तर थेट त्यांच्या लहानपणापर्यंत मागे जावं लागतं.

पेपर टाकणारा पोरगा

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्समधला. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येत धड नसायची, त्यामुळे घरात कायम ओढाताण. कुटुंब सँडेमेनियन नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचं होतं. साधं राहायचं, पैसा साठवायचा नाही, मोठेपणाच्या मागे लागायचं नाही, अशी शिकवण. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि जुजबी अंकगणित, बस्स. पुढे आयुष्यभर गणित हा त्याचा कच्चा विषयच राहिला. हे लक्षात ठेवा, कारण सोन्याच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

१३व्या वर्षी तो जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे हरकाम्या म्हणून लागला. काम काय, तर पेपर टाकणं. तेव्हा पेपर महाग असायचे, त्यामुळे लोक ते भाड्याने वाचायचे. एका घरी टाकायचा, तिथलं वाचून झालं की परत आणायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. वर्षभराने रिबोंनी त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतलं, पुस्तकबांधणी शिकण्यासाठी. फॉर्म शिवायचे, कातडं चढवायचं, पाठीवर नाव उमटवायचं. नावाची ती सोनेरी अक्षरं सोन्याच्या वरखाची असतात. म्हणजे सोनं ठोकून ठोकून किती पातळ करता येतं, हे या धंद्यातल्या माणसाला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा आधी वाचून काढायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या एका खंडात विजेवरचा लेख त्याला सापडला. जेन मार्सेट या लेखिकेचं रसायनशास्त्रावरचं, संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक सापडलं. वाचून तो थांबला नाही. पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे का, हे दुकानाच्या मागच्या बाजूला जमेल तेवढ्या सामानात करून बघायचा. घर्षणाने वीज तयार करणारं एक छोटं यंत्रही त्याने स्वतः बनवलं. रिबोंनी अडवलं नाही. मालक असावा तर असा!

जॉन टेटम नावाचे एक गृहस्थ संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे. एका व्याख्यानाला एक शिलिंग. मायकेलकडे तेवढेही पैसे नसायचे. ते थोरल्या भावाने, रॉबर्टने, भरले. मायकेलने या व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, सगळं नीट बांधून ठेवलं. बांधणी तर हातातलीच कला!

नोट्समुळे मिळालेली नोकरी

१८१२मध्ये दुकानातल्या विल्यम डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचे विज्ञानातले सुपरस्टार. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना ऐकायला उमरावांच्या बग्ग्यांची रांग लागायची. त्या गर्दीत हा पुस्तकबांधणीवाला गॅलरीत बसून लिहून घेत होता.

उमेदवारी संपत आली होती. समोर आयुष्यभराची पुस्तकबांधणी दिसत होती आणि मन मात्र प्रयोगांत अडकलेलं. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्याने नोकरीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. (इंटर्नशिपसाठी पन्नास मेल टाकून इनबॉक्स रिफ्रेश करत बसलेल्या मंडळींना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.) मग त्याने डेव्हींच्या व्याख्यानांच्या नोट्स साफ लिहून काढल्या, सुमारे ३०० पानांचं पुस्तक बांधलं आणि ते थेट डेव्हींनाच पाठवून दिलं.

डेव्ही खूश झाले, भेटले, आणि सल्ला काय दिला, तर पुस्तकबांधणीच कर! जागा रिकामी नव्हती. पण काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी केल्यामुळे कामावरून गेला आणि १ मार्च १८१३ला मायकेल फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार बेताचा, राहायला माळ्यावरच्या खोल्या. पुढची जवळपास सगळी कारकीर्द त्याच इमारतीत गेली.

त्याच वर्षी डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले. फॅरेडे सहायक म्हणून सोबत. ऐन वेळी डेव्हींच्या खासगी नोकराने यायला नकार दिला आणि त्याचीही कामं फॅरेडेच्या गळ्यात पडली. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवायच्या. सगळं सोडून परत जावं असं त्याला अनेकदा वाटलं. पण त्याच दौऱ्यात त्याने पॅरिसमध्ये अँपिअरना पाहिलं, इटलीत व्होल्टांची भेट झाली. फ्लॉरेन्समध्ये डेव्हींनी प्रचंड भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून चक्क हिरा जाळून दाखवला, तेव्हा तो शेजारी उभा होता. अपमान गिळून शिकत राहायचं की स्वाभिमान जपून घरी जायचं, हा प्रश्न आजही अनेकांना पडतो. फॅरेडे थांबला.

नाव झालं, सोबत आळही आला

१८२०मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवून दिलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८२१मध्ये, फॅरेडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात उभी तार सोडली आणि ती चुंबकाभोवती गोल गोल फिरायला लागली. विजेवर फिरणारं हे पहिलं यंत्र. मिक्सरपासून मेट्रोपर्यंत आज जे जे विजेवर फिरतं, त्याचा आद्य पूर्वज हाच.

निबंध घाईने छापला गेला. याच विषयावर विल्यम वोलस्टन विचार करत होते, त्यांचा उल्लेख त्यात राहून गेला आणि कुजबुज सुरू झाली की या पोराने कल्पना चोरली. लोहाराचा मुलगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. अशा माणसावर असा आळ लवकर चिकटतो. १८२४मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचं नाव आलं तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. ज्यांनी दार उघडलं, तेच आता दारात आडवे उभे! फॅरेडे निवडून आले, एक विरोधी मत सोडून. डेव्हींबद्दल मात्र ते पुढे आयुष्यभर आदरानेच बोलत राहिले.

मग २९ ऑगस्ट १८३१. लोखंडी कड्याच्या एका बाजूला एक वेटोळं, दुसऱ्या बाजूला दुसरं. पहिल्यातली वीज सुरू किंवा बंद करताना दुसऱ्यात क्षणभर वीज उमटते. बदलतं चुंबकत्व वीज तयार करतं, हे कळलं. तुमच्या फोनच्या चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर आजही याच तत्त्वावर चालतो.

विसरणारा माणूस

१८३०च्या दशकाच्या अखेरीस अतिश्रमाने फॅरेडे कोसळले. चक्कर, डोकेदुखी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विस्मरण. १८४१मध्ये पत्नी सारा त्यांना विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला घेऊन गेल्या. काही वर्षं संशोधन जवळजवळ थंडावलं. ते परत उभे राहिले, पण स्मरणशक्ती पूर्वीसारखी कधीच झाली नाही. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते.

या अडचणीवर त्यांच्याकडे उपाय होता. वही. प्रत्येक प्रयोग, प्रत्येक निरीक्षण, फसलेलं असो की जमलेलं, परिच्छेदाला क्रमांक घालून लिहून ठेवायचं. आयुष्याच्या शेवटापर्यंत हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. डोक्यात राहणार नाही ते कागदावर ठेवायचं आणि एक साधी नोंद जुन्या कोणत्या नोंदीशी जुळते ते क्रमांकावरून शोधायचं.

जुन्या गोष्टी ते टाकून देत नसत, त्याचा फायदा १८४५मध्ये झाला. १८२०च्या दशकात दुर्बिणीसाठी चांगली काच बनवण्याचं एक कंटाळवाणं सरकारी काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. अनेक वर्षं गेली आणि हाती फारसं काही लागलं नव्हतं. त्यातलाच एक जड काचेचा तुकडा त्यांनी आता चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवला, त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळली. प्रकाशाचं आणि चुंबकाचं नातं आहे, याचा हा पहिला पुरावा होता. फुकट गेलेल्या वर्षांतला तुकडा असा कामी आला.

सोनंच का?

इथून आपण परत तळघरात येऊ. प्रकाश म्हणजे तरंग, हे तोवर बहुतेकांनी मान्य केलं होतं. फॅरेडेंच्या मनात आलं, की प्रकाशाच्या एका तरंगापेक्षाही लहान असा धातूचा तुकडा प्रकाशाच्या वाटेत ठेवला तर प्रकाशाचं काय होईल? आणि एवढा लहान तुकडा आणायचा कुठून?

उत्तर बुकबाइंडरच्या दुकानातलं होतं. सोन्याचा वरख. मिठाईवर किंवा मूर्तीवर लावलेला वरख आपल्याला पिवळा दिसतो. पण तो उजेडासमोर धरून आरपार पाहिलं, तर पलीकडचं हिरवट दिसतं! फॅरेडेंच्या हिशोबानुसार एका इंचाच्या २ लाख ८२ हजाराव्या भागाइतकी त्या वरखाची जाडी. प्रकाशाच्या एका तरंगाच्या पाचव्या ते आठव्या हिश्शाएवढीच. मित्र वॉरन डी ला रू यांच्याकडच्या उत्तम सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी वरख तपासले. वरख तापवला की हिरवा रंग जातो आणि अकीकाच्या दगडाने दाबून घासला की परत येतो, हे त्यांनी पाहिलं. पण त्यांना याहून बारीक सोनं हवं होतं. ठोकून जेवढं होतं, त्याच्याही पुढचं. म्हणून आल्या तारा.

उजेड येतो कुठून?

घरातला जुना फ्यूज आठवा. जास्त करंट गेला की फ्यूजची तार तापते, वितळते आणि तुटते. त्या वेळी तार हळूहळू तापत असते. उडवलेल्या तारेचा प्रकार वेगळा. फॅरेडे लायडन जार वापरायचे, म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेल्या काचेच्या बरण्या. हे आजच्या कपॅसिटरचे आजोबा. अशा बऱ्याच बरण्या जोडायच्या, यंत्राने त्यांत वीज भरायची आणि मग ती सगळीच्या सगळी एका बारीक तारेतून एकदम सोडायची.

सेकंदाच्या लाखाव्या भागाच्याही आत सगळा खेळ आटोपतो. तार वितळते, पण वितळलेल्या धातूला खाली ओघळायलाही वेळ मिळत नाही. तो जागच्या जागीच उकळतो. वाफेला पसरायला जागा हवी, ती मिळेपर्यंत दाब प्रचंड वाढतो आणि तार फुटते. आवाज येतो तो याचा. उरलेली वीज त्या वाफेतून वाहते, वाफ आणखी तापते, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तयार होतो प्लाझ्मा. चाळवलेले इलेक्ट्रॉन पुन्हा खालच्या जागी येताना आपली जादा ऊर्जा प्रकाश म्हणून सोडून देतात. तोच तो लख्ख उजेड. पुढच्या क्षणी वाफ थंड होते आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण शेजारच्या काचेवर जाऊन बसतात.

तार उडवणं ही काही फॅरेडेंची कल्पना नव्हती. त्यांच्या जन्माआधीच लंडनमध्ये एडवर्ड नेर्न आणि हॉलंडमधल्या हार्लेमला मार्टिनस व्हॅन मारुम यांनी विजेने तारा उडवून लोकांना थक्क केलं होतं. तो तेव्हा बघण्यासारखा तमाशा होता. फॅरेडेंनी त्याला एक काम दिलं. सोन्याची अशी पूड करणं, जी जगातला कोणताही सोनार करू शकत नव्हता.

आता काचेवरच्या डागांमध्ये माणकाचा लाल, जांभळा, हिरवा असे रंग दिसत होते. शंका घेणारा म्हणाला असता, की हे सोनं कशावरून? हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन दुसराच एखादा पदार्थ झाला असेल. फॅरेडेंनी ही शंका स्वतःच घेतली. त्यांनी हायड्रोजनमध्ये तार उडवली. रंग तसेच आले. म्हणजे हे सोनंच होतं, फक्त वेगळ्या आकारात. मग चांदी, तांबं आणि इतर धातूंच्या ताराही उडवून झाल्या.

दुसरीकडे रासायनिक मार्गही चालू होता. सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी सुंदर लाल द्रव तयार केला. दिसायला सरबतासारखा स्वच्छ. पण भिंगातून प्रकाशाचा झोत आत सोडला, की झोताची वाट द्रवात उजळून दिसायची. थिएटरमध्ये प्रोजेक्टरचा झोत धुळीमुळे दिसतो ना, तसंच. म्हणजे सोनं त्यात विरघळलेलं नव्हतं. डोळ्याला आणि सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण त्यात तरंगत होते. त्यात साधं मीठ टाकलं की लाल रंग निळा व्हायचा. धातू तोच, रंग वेगळा.

जमलं नाही ते

५ फेब्रुवारी १८५७ला रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी हे सगळं मांडलं. जवळजवळ वर्षभराची मेहनत, शेकडो काचपट्ट्या. पण जो प्रश्न घेऊन ते निघाले होते, त्याचं उत्तर मिळालं नव्हतं. कणाचा आकार बदलला की रंग का बदलतो, हे त्यांना सांगता आलं नाही. निबंधात त्यांनी ते लपवलंही नाही.

अडलं कुठे? गणितात. याच सुमारास केंब्रिजमध्ये शिकलेल्या पंचविशीतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने फॅरेडेंच्या बलरेषांच्या कल्पनेवर गणिती निबंध लिहून त्यांना पाठवला. आपल्या विषयावर एवढं गणित बघून फॅरेडे आधी दचकले, मग खूश झाले. तुम्हा गणितवाल्यांना जे निष्कर्ष मिळतात ते साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का, असं त्यांनी पत्रातून त्याला विचारलं. सगळ्या युरोपात नाव असलेला म्हातारा एका तरुणाकडे समजावून सांगण्याची विनंती करतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

सोन्याच्या रंगाचं गणित जमायला १९०८ साल उजाडलं. जर्मनीच्या गुस्ताव मी यांनी मॅक्सवेलच्याच समीकरणांवरून सोन्याच्या कणांचे रंग काढून दाखवले. म्हणजे फॅरेडेंच्या बलरेषांतून निघालेलं गणित फॅरेडेंच्याच लाल द्रवापर्यंत परत आलं, तेही ५१ वर्षांनी. आज या कणांना आपण नॅनोकण म्हणतो. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या रॅपिड टेस्ट आठवतात? अनेक किट्समध्ये उमटणारी ती लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.

आणि तो उजेड? फॅरेडेंनी बाजूला ठेवलेला उजेड १९२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या माउंट विल्सन वेधशाळेतल्या जॉन अँडरसन यांनी उचलला. ताऱ्यांइतकं तापमान प्रयोगशाळेत आणायचं कसं, हा त्यांच्यापुढचा पेच होता. त्यांनी तारा उडवल्या आणि चमकेचा वर्णपट घेतला. तापमान निघालं सुमारे २० हजार अंश. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे, यावरून कल्पना करा. वर्णपटात रंगांच्या अखंड पट्ट्यावर काळ्या रेषा दिसत होत्या, ताऱ्यांच्या वर्णपटात असतात तशाच.

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसमध्ये अणुबाँबसाठी उडणाऱ्या तारांचे डिटोनेटर बनवले गेले, कारण बाँबच्या सगळ्या बाजूंनी स्फोट अगदी एकाच क्षणी होणं गरजेचं होतं. नागासाकीवर टाकलेल्या बाँबमध्ये हेच होते. काचेवरचा रंग शोधणाऱ्याची युक्ती पुढे कुठल्या हातात जाईल, हे त्याला कधीच माहीत नसतं. विज्ञान शिकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं.

साधे मिस्टर फॅरेडे

१८५७मध्येच त्यांच्याकडे रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदाची विचारणा झाली. जिथे एकेकाळी त्यांच्या सदस्यत्वालाही विरोध झाला होता, तीच खुर्ची. त्यांनी नम्रपणे नकार दिला. 'सर' ही पदवीही त्यांना नको होती. १८५८मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिलं, ते मात्र त्यांनी घेतलं.

त्याच वर्षी साउथ फोरलँडच्या दीपगृहात विजेचा दिवा लागला. त्यांच्याच १८३१च्या तत्त्वावर चालणारं यंत्र होतं आणि दीपगृहांचे सल्लागार म्हणून त्याची तपासणीही तेच करत होते. ६८व्या वर्षी बर्फातून वाट काढत ते तिथे गेले होते. १८६०च्या नाताळात त्यांनी लहान मुलांसाठी मेणबत्तीवरची व्याख्यानमाला दिली. एका साध्या ज्योतीतून सगळं रसायनशास्त्र उलगडून दाखवणारी ही व्याख्यानं पुस्तकरूपाने आजही छापली जातात.

१२ मार्च १८६२ला त्यांच्या वहीतली प्रयोगाची शेवटची नोंद झाली. विषय पुन्हा प्रकाशाचाच. ज्योतीवर चुंबकाचा परिणाम होऊन तिच्या वर्णपटातल्या रेषा बदलतात का? काहीही बदल दिसला नाही. तसं लिहिलं आणि वही मिटली. १८९६मध्ये हॉलंडच्या पीटर झीमन यांना फॅरेडेंनी हा प्रयत्न केला होता हे वाचून तोच प्रयोग जास्त चांगल्या उपकरणांवर करावासा वाटला. या वेळी रेषा बदलल्या. झीमन यांना नोबेल मिळालं. एका फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद ३४ वर्षांनी अशी फळाला आली.

२५ ऑगस्ट १८६७ला आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या मायकेल फॅरेडे गेले. वेस्टमिन्स्टर ॲबी नाही, गाजावाजा नाही. हायगेटच्या दफनभूमीत साधा दगड.

मग तारा का उडवल्या? नाव मिळवायला नक्कीच नाही, ते केव्हाच मिळालं होतं. प्रश्न पडला होता, म्हणून. आणि पोरवयात दुकानामागे लागलेली सवय सुटली नव्हती, म्हणून. वाचलं, ऐकलं, वाटलं की स्वतः करून बघायचं. जे दिसलं ते लिहून ठेवायचं आणि जे नाही दिसलं तेही. आपल्या प्रोजेक्टमध्ये रीडिंग जमलं नाही की मित्राच्या जर्नलमधून उतरवून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. तेव्हा तो शेवटचा परिच्छेद आठवून बघा. 'काही दिसलं नाही' हेही एक रीडिंगच असतं.

फॅरेडेंच्या तारांचा उजेड १८५६मध्येच विझला. पण लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी केलेल्या सोन्याच्या द्रवाची बाटली अजून जपून ठेवलेली आहे. दीडशेहून जास्त वर्षं झाली, कण अजून तळाशी बसलेले नाहीत. रंग लालच आहे.